डिनर साडेबाराला

उत्तर इंग्लंडात, आमच्या हॅलिफॅक्सकडे डिनर दुपारी असतं. मी तीस वर्षं शाळेत मुलांना डिनर वाढलं, तेही बाराच्या ठोक्याला. त्यामुळे या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. संध्याकाळी पाचला जे खातो तो ‘टी’, मग ताटात अख्खा मासा का असेना.

शेजारच्या विनी ॲक्रॉइडचा मुलगा क्लाइव्ह याच गल्लीत वाढला, पण पंचवीस वर्षं लंडनला राहून शहाणा झाला. विनीने मागेच मुखत्यारपत्र करून ठेवलं होतं. पुढेमागे तिचं डोकं चालेनासं झालं, तर क्लाइव्ह आणि भाची जॅनिस, दोघं मिळून किंवा कुणीही एकटं, तिच्या वतीने निर्णय घेणार होते, अगदी घर विकण्याचासुद्धा.

क्लाइव्हला तेवढाही धीर निघेना. मागच्या खेपेला तो आपली वही विसरून गेला. आत लिहिलेलं: ‘दीडला फोन केला. म्हणते, डिनर झालं. वेळेचं भान नाही.’ असं चार वेळा. सोबत एका वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक, एका खोलीवर खूण केलेलं. माझं डोकंच फिरलं.

विनी म्हणाली, “ही वही डॉक्टरपुढे जायच्या आत मुखत्यारपत्रातून त्याचं नाव काढायचंय, मेव्हिस. साक्षीदार तू.”

वकीलबाईंनी मला बाहेर बसवून विनीला तासभर प्रश्न विचारले. तिची समज शाबूत आहे याची खात्री पटल्यावर म्हणाल्या, मुलाचं नाव काढता येईल, जॅनिसचं राहील. विनीने सही केली, खाली मी केली.

मग तिने क्लाइव्हला गुरुवारी डिनरला बोलावलं. जॅनिस आणि मी साडेबाराला हजर. क्लाइव्ह उगवला संध्याकाळी सातला, हातात वाइनची बाटली घेऊन. पुसलेलं टेबल बघून त्याने माझ्याकडे बघत मान हलवली.

“बोलावलं आणि विसरली,” तो हळूच म्हणाला.

“विसरले नाही. तुझं ताट तीनपर्यंत झाकून ठेवलं होतं,” विनी म्हणाली आणि दस्ताची प्रत त्याच्यापुढे सरकवली. “आता तुझ्यासाठी एवढंच उरलंय.”

वाचता वाचता तो खाली बसला. “आई, मी काळजीपोटी करत होतो गं.”

“असशील. पण हे घर माझं आहे आणि मी इथेच राहणार.” तिने त्याची वही त्याच्या हातात दिली. “लिही त्यात. गुरुवार, मला काढल्याचं आईने सांगितलं. डिनर झाल्यावर.”