सहाशेचा व्हॉल्व्ह

माझा धाकटा भाऊ मुझिवाखे म्हणजे दीडशहाणा. लेकीच्या होणाऱ्या सासरची माणसं आहेर घेऊन येणार म्हणून त्याने घर रंगवलं, बकरा आणला आणि तेवढ्यानेही मन भरलं नाही म्हणून गिझरचा व्हॉल्व्ह बदलला. का, तर जोहान्सबर्गची विहीणबाई अंघोळीला बसेल तेव्हा पाणी जोरात पडलं पाहिजे!

आमचं घर उताराच्या तळाला. टेकडीवरच्या टाकीचं पाणी इथे मुसंडी मारत येतं. तो जोर कमी करायलाच तर व्हॉल्व्ह असतो. दुकानात चारशे किलोपास्कल दाबाचा मिळतो, सहाशेचाही मिळतो. दिसायला दोन्ही सारखेच. दुकानातल्या मुलीने विचारलं, "काका, गिझर कितीचा?" हा म्हणाला, "मोठा दे. मुलीचा बाप आहे मी!" वर घरी येऊन फुशारकीने सांगतो.

गिझर होता चारशेचा. नवा व्हॉल्व्ह बसवला आणि भिंतीबाहेरची नळी ठिबकायला लागली. नेमक्या तिथेच पाहुण्यांच्या चटया घालायच्या होत्या. मुझीने दाणे खाऊन उरलेलं मक्याचं कणीस उचललं आणि हातोडीने नळीत ठोकून बसवलं.

"अरे मेल्या, जादाचा जोर तिथूनच तर बाहेर पडतो!" मी ओरडले.

"ताई, तू आपली पाहुण्यांसाठी घरची बियर गाळ. इथे नाक खुपसू नकोस."

आहेराच्या सकाळी माझी भाची नोखान्या आतल्या खोलीत मण्यांचे दागिने घालत बसली होती. गिझर त्याच खोलीच्या माथ्यावर, छत आणि पत्र्याच्या मधे. अंगणात बायकांनी गाणं धरलं होतं, आणि धाडकन आवाज झाला. देवा रे! छत, गिझर, कढत पाणी, सगळं त्या खोलीत कोसळलं. गाणं तोंडातच राहिलं.

मुझी आत धावला. नुसत्या हातांनी तो वाफाळता ढिगारा उपसायला लागला. हातांची सालटी निघत होती, तरी थांबेना.

तेवढ्यात शेजारच्या घरातून नोखान्या धावत आली. मण्यांचा पट्टा तुटला म्हणून ओवून घ्यायला ती कुणाला न सांगता मागच्या दाराने गेली होती. तिला धडधाकट पाहून मला रडूच फुटलं.

"बाबा, मी इथे आहे! बाबा!"

त्याने वळून तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत ओळख नाही, काही नाही. पुन्हा ढिगाऱ्यात हात घातले.

"बाजूला हो पोरी," तो म्हणाला, "माझी लेक आत आहे."