खंडेनवमीची टाकी

आमच्या चंद्रहासला अमेरिकेचा इतिहास म्हणजे जीव की प्राण. तोही असला, जो कुणाला ठाऊक नसतो. लग्न झाल्यापासून ऐकतेय, कान किटले माझे.

परवा मंडळाच्या नवरात्राच्या कार्यक्रमात त्यानं बॉस्टनची गोष्ट सांगितली. शंभरेक वर्षांपूर्वी तिथे मळीची अवाढव्य टाकी होती. ती गळायची, आसपासची पोरं डबे लावून मळी घरी न्यायची. कंपनीनं काय करावं? गळती दिसू नये म्हणून टाकीलाच तपकिरी रंग फासला. शेवटी टाकी फुटली, मळीचा लोंढा आला आणि एकवीस माणसं मेली. "यांना माणसं म्हणायचं का?" असं स्वारीनं अगदी कळवळून विचारलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मूर्खासारख्या.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. शारजात आमचा चिक्कीचा कारखाना आहे, तिथे यंत्रांची पूजा. फुलं घेऊन गेले तर काकवीची टाकी गडद तपकिरी, चकचकीत. पूजेला यंत्रं रंगवतातच, मला वाटलं हौस असेल. पण टाकीखालच्या भट्टीवर पाक करणारे बाबाजी, आमचे संगमेश्वरचे, हळूच म्हणाले, "वहिनी, वेल्डिंगमधून गळत होती. शेठना सांगितलं, तर त्यांनी पेंटर बोलावला."

मी चंद्रहासला गाठलं. उत्तर तयारच होतं. दिवाळीच्या ऑर्डरी आहेत, सीझन खलास झाला की टाकी बदलू, इन्शाल्ला. बॉस्टनचं काय, असं विचारलं तर म्हणे ती टाकी केवढी आणि आपली केवढी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आणि ऑर्डरींपायी पूजेच्या दिवशीही भट्टी चालूच, खाली माणसं उभीच. किळस आली मला.

तेवढ्यात पाटाकडे लक्ष गेलं. पूजा टाकीची, आणि यजमानाचा पाट मांडलेला पार तिकडे शटरपाशी. मी पाट उचलला आणि टाकीखाली आणून ठेवला. सगळे बघत होते.

"बस," मी म्हटलं. "टाकी चांगली आहे ना? मग बस इथे."

त्यानं आधी भट्टीच्या धगीचं कारण सांगितलं, मग गुडघ्याचं. बसला काही नाही.

बाबाजींनी ते पाहिलं. त्यांनी भट्टीचा गॅस बंद केला, ॲप्रन काढून ठेवला आणि शटरकडे चालू लागले. त्यांच्यामागोमाग बाकीचेही निघाले.

आणि आमचे इतिहासकार मला काय म्हणाले? "शालिनी, चार लोकांत माझी शोभा केलीस."