गोळीवरचं दूध

हंसाबेनने डबा माझ्यासमोर आदळला.

"बबनभाई, ये देखो. बारशाची ऑर्डर होती. पार्टी परत देऊन गेली."

डब्यावर नाव घातलेलं होतं. अक्षरं चालत्या रिक्षात बसून काढल्यासारखी. एक वेलांटी तर पार कडेवरून खाली घसरली होती.

"हे अनसूयेने काढलंय? शक्यच नाही!" मी तावातावाने म्हणालो. आमच्या घरात चिडायचं खातं माझ्याकडे आहे.

"दुसरं कोण काढणार? मेरे पास दूसरा है कौन?" हंसाबेन हळू आवाजात म्हणाली. "मशीन दुसऱ्या कोणाला द्यायचं मन नाही होत. पण किती दिवस?"

भाईंदर पूर्वेला हंसाबेनचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे, आणि माझी बायको अनसूया तिथे बावीस वर्षं भांड्यांवर नावं घालतेय. मुठीत मावेल एवढं मशीन, टोकाला सुई आणि टर्रर्र आवाज. पेन्सिलची खूण नाही, पट्टी नाही. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, कुणाच्या आजीच्या स्मरणार्थ. आमच्या भागातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत तिचं अक्षर असेल. आणि आमच्या मिनलचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं ठरलं होतं. लेकीच्या रुखवतातल्या एक्कावन्न भांड्यांवर नाव आपल्याच हाताने घालायचं, हे अनसूयेने पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून ठरवलेलं.

ती दुकानाच्या मागच्या खोलीत बसली होती. मे महिना, माझा शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, आणि हिच्या अंगावर शाल.

"अहो, बोटं ऐकतच नाहीत," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मशीन चालू आहे का बंद, तेसुद्धा हाताला कळत नाही. मिनलची भांडी कशी होणार हो?"

वर्षभर मी तिला आळशी म्हणत होतो. झोपतेस किती, फुगलीस किती, एक हाक मारली तर तासाने ओ देतेस. आता सांगायला लाज वाटते, पण म्हणत होतो खरा.

रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, काकूंच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी काम करेनाशी झालीय. मेंदू तिला सारखा काम कर, काम कर सांगतोय. म्हणून हा टीएसएचचा आकडा एवढा वर गेलाय."

मला ते चटकन समजलं. मी पूनम सागरमधल्या एका सोसायटीत पाण्याचा पंप चालवतो. सेक्रेटरी जितका ओरडेल तितकी टाकी रिकामी, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार!

गोळी बघून मात्र मला हसू आलं. एवढीशी! खाली पडली तर झाडूने जाईल.

"रोज सकाळी, रिकाम्या पोटी," बाई म्हणाल्या. "जन्मभर."

जन्मभर घ्यायची गोळी म्हणजे जबर उष्ण असणार, आणि आमच्या महाडकडे उष्ण औषध कुणी नुसत्या पाण्यावर देत नाही. म्हणून रोज पहाटे पाचला, ड्युटीवर निघायच्या आधी, मी दूध तापवायचो. साखर घालून पेला भरायचो आणि गोळीसकट तिच्या अंथरुणापाशी न्यायचो.

"अहो, रिकाम्या पोटी सांगितलंय ना?"

"दूध म्हणजे काय जेवण आहे का? पी गुपचूप."

तीस वर्षांच्या संसारात मी तिला काही आयतं हातात दिलं असेल तर तो हा पेला. माझं मलाच फार कौतुक.

तीन महिने गेले. शाल निघेना, आवाज सुटेना. एकदा मिनल मला हळूच म्हणाली, "बाबा, भांड्यांवर दुसऱ्या कोणाकडून नावं घालून घेऊया का? आईला उगाच त्रास." अनसूयेने ते ऐकलं. उठून मोरीत गेली आणि घासलेलीच भांडी परत घासत बसली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंवर चढलोच. "तुमच्या गोळीत दमच नाही!"

त्यांनी नवा रिपोर्ट बघितला. "काकू, गोळी कशाबरोबर घेता?"

"दुधाबरोबर," अनसूया म्हणाली. "हे स्वतः आणून देतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, दुधाने ही गोळी अंगी लागत नाही. फक्त पाणी. आणि त्यानंतर तासभर चहासुद्धा नाही."

रिक्षा घराजवळ आल्यावर मी म्हणालो, "तीन महिने मीच तुझा हात धरून ठेवला गं."

"असू दे. दूध चांगलं होतं," ती म्हणाली. "साखर जरा जास्त व्हायची."

मी तो पेला माळ्यावर, पार मागे टाकून दिला. डोळ्यांसमोर नको होता मला.

मग नुसतं पाणी सुरू झालं. चौथ्या आठवड्यात तिने शाल घडी करून कपाटात ठेवली. त्यानंतर एका सकाळी गॅलरीतून भाजीवाल्याला तिने अशी खणखणीत हाक मारली, की मी दाढी करता करता थांबलो. किती दिवसांनी ऐकला तो आवाज!

सातव्या आठवड्यात डबा द्यायला दुकानात गेलो, तर आतून टर्रर्र ऐकू आलं. दारातच उभा राहिलो. समोर परात, हिची मान खाली, आणि सुई स्टीलवर अशी पळत होती की मला श्वास घ्यायची भीती वाटली. 'मि' काढला. वेलांटी वळली आणि जिथे थांबायची तिथेच थांबली. हंसाबेन पदराने डोळे पुसत म्हणाली, "देखो, बबनभाई."

मी डॉक्टरीणबाईंना मुद्दाम विचारून आलो होतो, गोळ्यांच्या बाटलीवर लिहिलेला मायक्रोग्रॅम म्हणजे किती. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक. हिच्या गोळीत तसे पंच्याहत्तर. तेवढ्याशात माझी बायको होती! तिची ऊब, तिची हाक, तिची वेलांटी. एवढी वर्षं पंप चालवतोय, पण असं यंत्र मी बघितलं नाही. आणि त्या यंत्राला मी आळशी म्हणत होतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी रुखवत मांडताना मी भांडी मोजली. पन्नासांवर 'चि. मिनल हिस आई-बाबांकडून'. एक्कावन्नावा होता तो माळ्यावरचा पेला. स्टुलावर चढून हिनेच काढला होता. घासून लख्ख केलेला, आणि त्यावर नुसतं 'बाबांकडून'.

"अगं, हा कशाला? ह्याच्यापायीच तर..."

"राहू दे. पोरीला कळू दे, तिच्या बापाला दूध तापवता येतं."

मी अक्षरांवरून अंगठा फिरवला. कुठेही अडकला नाही.

मिनल गेली, तिच्याबरोबर पेलाही गेला. आता पहाटे पाचला मी पाणी तांब्यातून नेतो. ती गोळी घेते आणि आम्ही दोघं तासभर चहाशिवाय बसून राहतो.