न बोलण्याची परीक्षा

जन्मभर बोलून पोट भरलेल्या ताईंना उतारवयात न बोलण्याची परीक्षा द्यावी लागली, आणि त्यात त्या आधीच दोनदा नापास झाल्या होत्या.

रुग्णालयाच्या जनुकीय समुपदेशन विभागात ताईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. आईबापांकडून आजार मुलांत कसा उतरतो, हे त्या असं सांगत की समोरच्याला सख्खी मावशी बोलतेय असं वाटावं. म्हणून शिकाऊ मुलगी त्यांच्या हाताखाली दिली. आता सुपरवायझरने कोपऱ्यात बसायचं आणि शिकाऊने बोलायचं, हा नियम. ताईंना तो पाठ होता, जिभेला नव्हता. आज शेवटची संधी. बोलल्या तर सुपरवायझरपद गेलं आणि विभागात दुसरा सुपरवायझर नसल्याने मुलीचं वर्षही बुडालं.

"ताई, जीभ बाहेर ठेवून या हं," परीक्षक बाई म्हणाल्या.

"छत्री म्हणाला असतात तर जमलं असतं."

समोर नवरा-बायको बसले. पहिलं बाळ स्नायूंच्या आजाराने गेलेलं, दुसरं पोटात. रिपोर्ट चांगला होता. या बाळाला तो आजार नव्हता. खोलीत हे तिघींना ठाऊक होतं. ज्यांचं बाळ, त्यांना सोडून सगळ्यांना.

"तुमचा रिपोर्ट आलाय," मुलगी म्हणाली आणि थांबली.

थांबणं अभ्यासक्रमातच होतं. समोरच्याला सावरू द्यावं, शांततेचा मान राखावा. परीक्षक बाईंनी मान राखला. ताईंनीही राखला. शांतता मानाच्या पाहुणीसारखी ऐसपैस बसली.

"राहू द्या," बायको म्हणाली. "मागच्या वेळीही असेच गप्प बसला होता तुम्ही लोक."

बोल ना गं बये! ताईंनी मनातल्या मनात मुलीला ढोसलं. मुलगी मात्र ताईंकडेच टक लावून होती. बायको पोटावर हात ठेवून पुटपुटू लागली. बाळाची माफी मागत होती ती.

"नाहीये!" ताई ओरडल्या. "अगं, आजार नाहीये तुझ्या बाळाला!"

नवऱ्याने तेच दोनदा विचारून घेतलं आणि मग तो तोंड झाकून रडला.

ते दोघे गेल्यावर परीक्षक बाईंनी पेनाला टोपण लावलं. "बोललात, ताई."

"बोलले! तुमचं तोंड कुणी शिवलं होतं हो?"

परीक्षक बाईंनी छतातल्या कॅमेऱ्याकडे नजर टाकली. "परीक्षकांचीही परीक्षा चालू आहे," त्या हळूच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

ताई मुलीकडे वळल्या. "थांबलीस का गं एवढी?"

"तुम्ही बोलाल म्हणून." मुलगी म्हणाली. "रिपोर्ट आलाय, एवढंच मी म्हणते. पुढचं नेहमी तुम्हीच सांगता. मला पुढचं येतच नाही, ताई."

ताई जाऊन मघाच्या गरोदर बाईच्या खुर्चीत बसल्या. "मी आई. सांग मला."

"पण आता काय उपयोग? वर्ष तर गेलंच."

"सांग."

"तुमचा रिपोर्ट आलाय," मुलगी म्हणाली आणि अडली. पुढचं वाक्य ताईंच्या जिभेवर आयतं तयार होतं. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मुलगी रडू लागली, तरी त्या बोलल्या नाहीत.