तोंड भिंतीकडे

“मावशी, साहेबांचं जवळचं कुणी आलं नाही का?”

दवाखान्यात ह्यांच्या उशाशी मी बसले होते, आणि तो माणूस मलाच विचारत होता.

“मी काय लांबची दिसते?”

“तसं नव्हे. साहेब म्हणायचे, आपलं असं कुणी नाही. घरी एक म्हातारी आहे, स्वयंपाकपाणी बघते. त्याच ना तुम्ही?”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. अर्धं अंग गेलेलं, वाचा बसलेली, पण कान शाबूत. ह्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. मेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात. हे अजून भीत होते.

“तीच ती म्हातारी,” मी म्हणाले. “बिनपगारी आहे, एवढंच. मंगळसूत्रासकट ठेवलीय मला.”

तो बिचारा पांढरा पडला. चित्रांना चौकटी बसवून देण्याचा त्याचा धंदा. हे कोसळले ते त्याच्या दुकानाच्या माडीवर, ह्यांनी भाड्याने घेतलेल्या खोलीत. त्यानेच ह्यांना उचलून दवाखान्यात आणलं होतं.

आमचे हे गोदामातले कारकून. अंगात विटका शर्ट, पायात शिवलेली चप्पल. दर रविवारी गोदामात जादा काम. मी डबा भरून द्यायची. तो डबा कुठे उघडत होता, ते दुसऱ्या दिवशी चौकटीवाल्याने खोली दाखवली तेव्हा कळलं. खुंटीला रेशमी झब्बा, अत्तराची बाटली, आरामखुर्ची. आणि चारी भिंतींवर चित्रंच चित्रं, वीतभर जागा मोकळी नाही.

“साहेबांची नजर म्हणजे नजर! नवख्या पोरांना कुणी विचारत नव्हतं, तेव्हा साहेबांनी त्यांची चित्रं उचलली. आज लांबलांबून लोक बघायला येतात.” मग एका चित्रापुढे तो थांबला. “ही पोर तर शाळेत होती. तिला रंग साहेबांनी घेऊन दिले.”

“आणि खिळे कोण मारतं?”

“स्वतः साहेब. दुसऱ्याला हातोडी धरू देत नाहीत.”

आमच्या घरात लग्न झाल्यापासून एक खिळा नाही. भिंत बिघडते म्हणे. घड्याळ कपाटावर, आरसा खिडकीत टेकवलेला. लेक लहान असताना तिने भिंतीवर कोळशाने घोडा काढला होता. ह्यांनी तिचाच फ्रॉक ओला करून, तिच्याच हाताने तो पुसायला लावला. पोर रडत होती आणि हे उभे राहून, “इथे राहिलं, तिथे राहिलं,” सांगत होते. त्यानंतर तिने कागदावरसुद्धा रेघ ओढली नाही. आणि परक्याच्या पोरीला रंग!

“सगळी घरी पाठवून द्या,” मी म्हणाले.

“बाई, ऊन लागू देऊ नका. तोंड भिंतीकडे करून ठेवा, रंग टिकतो. आमच्या धंद्यात तशीच रीत आहे.”

“बरं झालं सांगितलंत.”

ह्यांनाही घरी आणलं. खाटेसमोरच्या भिंतीवर मी माझ्या हाताने खिळे ठोकले. गाठोडी सुटली तसे ह्यांचे डोळे लकाकले. बापड्याला वाटलं, बायको पावली. मग मी पहिलं चित्र टांगलं. पाठ ह्यांच्याकडे, तोंड भिंतीकडे. मग दुसरं. सगळी टांगून होईपर्यंत ह्यांच्या घशातून नुसता घरघर आवाज येत होता.

संध्याकाळी लेक आली. “आई, हे काय उलटंपालटं?”

“रंग टिकतो म्हणे.”

“एक तरी सुलटं कर गं. बाबांना दुसरं काय उरलंय?”

“तुझा घोडा आहे का त्यात? असेल तर लावते.”

“घोडा मी केव्हाच विसरले, आई.”

“मी नाही विसरले.”

परवा औषध आणायला गेले, तेवढ्यात तिने एक सुलटं केलं. परत आले तर पिवळ्या भिंतीला टेकलेली एक सायकल, बस्स. चित्र बरं होतं, खोटं कशाला बोलू? ह्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि लेक पदराने ते टिपत होती. तिला फ्रॉकने भिंत पुसायला लावणाऱ्या बापाचं पाणी.

“झालं बघून?” मी विचारलं.

ह्यांनी चालत्या हाताचं एक बोट उचललं. अजून थोडं.

मी चित्र उतरवलं आणि ह्यांच्याच खाटेखाली सरकवलं, पाठीच्या बरोबर खाली.

“आई, निदान तो खिळा तरी काढ,” लेक रडत म्हणाली.

“राहू दे. भिंत बिघडायची ती बिघडली.”

तेव्हापासून हे दिवसभर त्या खिळ्याकडे बघत असतात. मी वेळेवर घास भरवते, तोंड पुसते, कूस बदलते. स्वयंपाकाच्या म्हातारीने याहून जास्त काय करायचं?