चौथा कोट

बँकवालीच्या नवऱ्यानं माझ्या दुकानातल्या कपडे कापायच्या टेबलावर भलीमोठी पिशवी ठेवली आणि तिच्यातून तीन कोट काढले. जाड, लांब, प्रत्येकीच्या अंगाला एकेक माप मोठे.

“वहिनी, पुढच्या महिन्यात दहा तारखेच्या आत द्या. सोळाला विमान आहे तिघींचं.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तो म्हणाला, “तुम्हाला ठाऊकच असेल म्हणा. तुमचं काय, सासूबाईंमुळे निघणं अवघडच.”

“हो. ठेवा,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्या बिचाऱ्याला आपण गाडी भलत्या जागी लावलीय याची काळजी होती. तो लगेच गेला. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

आम्ही चौघी शाळेपासूनच्या. एक बँकवाली, एक मास्तरीणबाई, आणि एक रेडिओ. रेडिओ नाव का पडलं ते तिच्याजवळ दोन मिनिटं बसलेल्या कुणालाही कळतं. मला सुई म्हणतात. शिवण मी पुढे शिकले, नाव आधी पडलं, जिभेवरून. गुरुवारी दुपारी माझं दुकान बंद असतं, आणि गेली दोन वर्षं दर गुरुवारी या तिघी याच टेबलाभोवती बसून माझाच चहा पीत परदेशच्या सहलीचा बेत करत होत्या. चार शहरं, सतरा दिवस, भर हिवाळ्यात. बर्फ बघायचा म्हणजे बघायचाच.

नियम आमचा साधा होता. प्रत्येकीनं एक शहर निवडायचं, त्याला बाकीच्यांनी नाकं मुरडायची नाहीत. मास्तरीणबाईनं पुलांचं शहर घेतलं. बँकवालीनं मोठ्या घड्याळाचं आणि मोठ्या दुकानांचं. रेडिओला गोठलेल्या नदीवरून चालत पलीकडे जायचं होतं. मी घेतलेलं शहर त्यांना आधी नकाशात सापडेना. तिथं जुन्या कपड्यांचं संग्रहालय आहे, आणि त्यात चारशे वर्षांपूर्वीचा एक कोट उलटा करून काचेत ठेवलाय, आतली शिवण दिसावी म्हणून. चाळीस वर्षं मी लोकांच्या कपड्यांना आतून शिवण घालते. ती कुणी बघत नाही. कुणीतरी चारशे वर्षांपूर्वी घातलेली शिवण लोक तिकीट काढून बघतात हे वाचल्यापासून मला तो कोट एकदा डोळ्यांनी बघायचा होता. बाकी बर्फबिर्फ मला नाही बघितला तरी चालला असता.

मी पहिल्या कोटाच्या खिशात हात घातला तर घडी घातलेला कागद निघाला. माझाच कागद, माझंच अक्षर. ‘तयार कोट एक माप मोठा घ्यावा. आत लोकरीचं अस्तर. डावीकडे आतून पासपोर्टचा कप्पा, वर चेन.’ खाली चार शहरांची नावं. त्यातलं माझं लाल शाईनं खोडलेलं, तेही पट्टी लावून, सरळ रेघेत. मास्तरीणबाई माणूससुद्धा पट्टी लावून खोडेल.

आता मला मागचा महिना उलगडला. चार गुरुवार कुणी फिरकलं नव्हतं. रेडिओला सर्दी झाली होती, बँकवालीकडे तपासणी आली होती आणि मास्तरीणबाईकडे पाहुणे आले होते. पाहुणे! तिच्या घरी मांजर टिकत नाही. मी भाबडी, सर्दीवर काढा करून पाठवला.

आणि मी इकडे काय करत बसले होते? दोन महिन्यांपूर्वी गुपचूप पासपोर्ट काढला होता, तो बॉबिनच्या खणात होता. माझा कोट घेऊन त्याला अस्तर लावून टाकलं होतं, नमुना म्हणून. जुन्या चादरीत गुंडाळून तो दाराच्या मागे टांगला होता. एका गुरुवारी एकदम घालून दाखवायचा आणि तिघींची तोंडं बघायची असं मनात होतं. सासूबाईंची सोयही लावली होती. त्यांची डावी बाजू गेल्याला तीन वर्षं झाली. त्यांना उठवायला, बसवायला माणूस लागतं. नवरा मालाचा ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. पण वन्सं आहेत ना, माझी नणंद. पाण्याच्या खात्यात तपासनीस आहेत, दिवसभर बाटल्यांमधल्या पाण्याचा रंग बघतात. लग्न केलं नाही, एकट्या राहतात. सतरा दिवस आईपाशी राहतील, त्यात काय! मी नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं मान डोलावली, प्रश्न मिटला.

म्हणजे माझ्या बाजूनं सगळं तयार होतं, फक्त मला बोलावणं नव्हतं.

कोट उसवून ठेवावेत, काखेत मुद्दाम तंग शिवावेत, असं सगळं मनात येऊन गेलं. पण हात तसे नाहीत माझे. मी तिघींना निरोप पाठवला, ‘माप बघायला गुरुवारी या. माणसं लागतील, नवरे नको.’

आल्या. मी तिघींना आरशासमोर ओळीनं उभं केलं, कोट चढवले आणि काखेत, बाहीत, कमरेला टाचण्या लावल्या. टाचण्या लावलेलं माणूस पळून जाऊ शकत नाही, हा आमच्या धंद्यातला एक फायदा आहे. मग तोंडातल्या टाचण्या काढून मी तो कागद टेबलावर ठेवला.

“हे कुणी खोडलं?”

रेडिओ बंद पडली. आयुष्यात पहिल्यांदा.

“अगं, तुझ्यासाठीच,” मास्तरीणबाई वर्गात बोलते तशा आवाजात म्हणाली. “तुला विचारलं असतं तर तुला नाही म्हणावं लागलं असतं. तुला वाईट वाटलं असतं. आणि तू नाहीस म्हटल्यावर ते शहर तरी कशाला? आमच्यापैकी कुणाला त्यातलं काय कळतं?”

“मग माझं नाही मला म्हणू द्यायचं! माझ्या तोंडचं नाही तू कोण म्हणणार?”

“सुई, चिडू नकोस. तुझ्या भल्याचाच विचार...”

“माझ्या भल्याचा मक्ता तुला कुणी दिला, बँकवाली? दोन वर्षं माझ्या टेबलावर बसून, माझ्या कागदावर बेत केलात, आणि निघायच्या वेळी माझ्या तोंडाला पानं पुसलीत. वर कोट कुणाकडे पाठवलेत? माझ्याकडेच! लाज नाही वाटली?”

“मी म्हटलं होतं, विचारू या,” रेडिओ पुटपुटली.

“तू? साऱ्या गावाला न विचारता सांगत सुटतेस, माझ्याच वेळी बरी दातखीळ बसली!”

रेडिओच्या डोळ्यांत पाणी आलं. येऊ दे म्हटलं. मी बॉबिनचा खण ओढला आणि पासपोर्ट टेबलावर आपटला. मास्तरीणबाईनं तो उघडला, तारीख बघितली आणि तिचा चेहरा उतरला.

“आणि सासूबाई?” तिनं हळूच विचारलं.

“वन्सं येऊन राहणार.”

“हो म्हणाल्या त्या?”

“न म्हणायला काय झालं? त्यांना कोण आहे?”

बँकवालीनं अंगातल्या टाचण्या सांभाळत फोन लावला. त्याच विमानात एक जागा होती. मंगळवारी संध्याकाळपर्यंत धरून ठेवतील, तोवर पक्कं सांगायचं. व्हिसाला वेळ पुरत होता. मास्तरीणबाईनं पर्समधून लाल पेन काढून माझं शहर पुन्हा लिहिलं, पट्टी न लावता. मी टाचण्या काढायला घेतल्या. एक तिला टोचली. मुद्दाम नाही. अगदीच चुकून असंही नाही.

रविवारी वन्सं आल्या. दर रविवारी येतात, आईची नखं काढतात, डोकं धुतात. मी आनंदात होते, भांडण जिंकलेलं माणूस असतं तशी. मैत्रिणींशी झालेलं भांडण आधी रंगवून सांगितलं, मग हेही सांगून टाकलं. “पुढच्या महिन्यात सोळापासून सतरा दिवस तुम्ही इथं. काही अवघड नाही, औषधांचं सगळं मी लिहून ठेवीन.”

वन्संनी आईचा हात हळूच चादरीवर ठेवला.

“कधी ठरलं हे?”

“झाले की दोन महिने. यांच्याशी बोलले होते मी.”

“दादाशी. म्हणजे राहायचं मी, आणि बोललात दादाशी?”

“तुम्हाला त्या दिवसांत काही काम आहे का, वन्सं?”

“नाही. काही काम नाही, रजाही शिल्लक आहे. पण मला विचारलं कुणी?” त्यांचा आवाज कधी चढत नाही, तो चढला. “आई आजारी पडली, वन्सं येतील. दादाचं घर बदलायचंय, वन्सं येतील. एकटी आहे म्हणून मी काय खुंटीवरची पिशवी आहे का, लागली की काढली? माझी आई आहे, मी येणारच हो. पण येते असं मला म्हणू द्या की एकदा!”

हेच मी तीन दिवसांपूर्वी आरशासमोर ओरडले होते, याहून मोठ्यानं.

“आणि मला?” सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. त्यांची जीभ जड झालीय, एकेक शब्द सावकाश येतो. “मला... कुणी विचारलं? ही केस... ओढून विंचरते.”

एरवी आम्ही दोघी हसलो असतो. वन्सं हसल्या नाहीत. मी खाली बसले.

“चुकलं माझं,” मी म्हटलं. हे शब्द माझ्या तोंडून सहजी निघत नाहीत, त्या दिवशीही रडतखडतच निघाले. “आता विचारते. राहाल का?”

“विचार करून सांगते. गुरुवारी.”

मंगळवार माझ्या अगदी ओठांवर आला होता. मी तो गिळला. म्हटलं, आता घाई केली तर ते विचारणं कसलं? त्यांच्यावर दडपण नको. आपण एवढं समजूतदार कधी झालो, याचं मला त्या दिवशी फार कौतुक वाटलं.

मंगळवारी पाच वाजता बँकवालीचा फोन आला. “सुई, घालू ना नाव? वन्संचं हो धरूनच चालू.”

“कुणी कुणाचं काही धरायचं नाही!” मी ओरडले. गिऱ्हाईक दचकून मागे सरकलं. “गुरुवारी सांगणार आहेत त्या.”

“अगं, गुरुवारपर्यंत कोण थांबतं? जागा जाईल.”

“जाऊ दे. सोड.”

फोन ठेवला. अर्धा तास मी स्वतःला फार थोर वाटले. मग राग आला, सगळ्यांचा. विमानवाल्यांचा, सासूबाईंच्या डाव्या बाजूचा, वीस दिवस रस्त्यावर असणाऱ्या नवऱ्याचा. रेडिओच्या कोटाला अस्तर लावताना मशीनची सुई तुटली. नवी घातली, तीही तुटली. दोन वर्षं मनात मांडे खाल्ले, आणि आता माझं शहर यादीत परत आलंय, तर त्या तिघी जाऊन माझा उलटा कोट बघून येतील आणि मला मोबाईलवर फोटो दाखवतील. फोटोत शिवण दिसत नाही.

गुरुवारी वन्सं कामावरून थेट दुकानात आल्या. हाताला त्यांच्या पाणी तपासायच्या औषधांचा वास येत होता. स्टूल ओढून बसल्या.

“राहते मी,” त्या म्हणाल्या. “विचार केला. राहते. पण औषधं कधी, काय, ते मी माझ्या पद्धतीनं बघणार, तुमचा कागद नको. आणि पुढच्या वर्षी मला आठ दिवस कुठंतरी जायचंय. कुठं ते ठरलं नाही. तेव्हा दादानं घरी राहायचं. हे त्याला मी सांगणार, तुम्ही नाही.”

“बरं,” मी म्हटलं. “पण आता त्याचा उपयोग नाही, वन्सं. जागा परवाच सोडली. मंगळवारपर्यंत सांगायचं होतं.”

वन्संनी माझ्याकडे नुसतं बघितलं. पाण्याच्या बाटलीकडे बघत असतील तसं.

“मंगळवारपर्यंत सांगायचंय, हे तुम्हाला रविवारी माहीत होतं?”

“हो.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तुमच्यावर दडपण नको म्हणून.”

बोलले आणि मला माझाच आवाज ऐकू आला. मास्तरीणबाईचं वाक्य होतं ते. फक्त तोंड माझं.

“वा!” वन्सं उठून उभ्या राहिल्या. “आधी विचारायचं नाही. विचारलंत, तर अर्धं सांगायचं. मला मंगळवारी सांगता आलं नसतं, हे तुम्ही परस्पर ठरवलंत? मी काय काचेची आहे? दडपण आलं असतं तर माझं मी बघितलं असतं. जन्मभर दुसरं काय केलं? तुमच्या मैत्रिणी बऱ्या म्हणायच्या, त्यांनी एकदाच केलं. तुम्ही दोनदा केलंत!”

मी हातातली कात्री खाली ठेवली.

वन्सं फेऱ्या घालत दारापर्यंत गेल्या. दारामागची चादर त्यांच्या खांद्याला लागून घसरली. त्यांनी कोट बघितला, तो उलटा केला, आतली शिवण बोटानं चाचपली. पासपोर्टच्या कप्प्याची चेन उघडून लावून बघितली.

“हा तुमचा?”

“हो.”

“फोन लावा त्या बँकवालीला.”

“आता काय उपयोग...”

“पुन्हा तुम्हीच ठरवताय!”

मी फोन लावला. बँकवालीनं आधी मला भरपूर ऐकवलं, मी ऐकून घेतलं. मग बटणं दाबल्याचा आवाज. त्या विमानातली जागा गेली होती. दुसऱ्या दिवशीच्या विमानात एक होती, एकटीनं यावं लागणार होतं.

“येशील ना एकटी?” तिनं विचारलं.

“येईन.”

“आणि तुझी नणंद? त्यांचं नक्की आहे असं धरू ना?”

मी फोन वन्संच्या पुढे धरला.

“मला नको,” मी म्हटलं. “त्या इथंच आहेत. त्यांनाच विचार.”