महाधिपतीच्या तोंडासमोर

मी एक जुना मायक्रोफोन आहे, आणि मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू! एका जुलमी सम्राटाची बोलती मी बंद केली आहे, तीही एक शब्द न बोलता. शेजारच्या खिळ्यावर लोंबणारा हेडफोन जागा व्हायच्या आत सांगून टाकतो. मेल्याला मध्येमध्ये तोंड घालायची खोड आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक अगदी पातळ पडदा आहे. तो ताणून बसवणारी बाई काम करताना श्वाससुद्धा रोखून धरायची. त्यामुळे माझे कान असे तयार झाले की मुंगीला ठसका लागला तरी मला कळायचं. एकदा तर तळमजल्यावरच्या शिंप्याने गिऱ्हाइकाला मनातल्या मनात दिलेली शिवी माझ्यातून रेकॉर्ड झाली. खोटं वाटत असेल तर त्या शिंप्याला विचारा.

तिथून मी आलो डबिंगच्या स्टुडिओत. भिंतींना गादीसारखं जाड अस्तर लावलेली एक कोंदट खोली, मधोमध मी, आणि काचेपलीकडे रेकॉर्डिंग घेणारे साहेब. परदेशी कार्टूनमधली माणसं आपल्या भाषेत बोलायची ती माझ्यासमोर. उमेदीच्या काळात माझे काय लाड! मऊ फडक्याने पुसायचे, कोणी जोरात खोकलं तर माझ्यावर हात धरायचे. "आपला माइक म्हणजे सोनं आहे सोनं," असं साहेब पाहुण्यांना सांगायचे.

मग ती मालिका आली. मोठी मुलं तिला ॲनिमे म्हणतात. त्यात महाधिपती नावाचा खलनायक होता. जमिनीवर लोळणारा झगा, डोळ्यांखाली काळ्या रेघा. लहानपणी बर्फाच्या वादळात तो दारोदार हिंडला होता आणि एकाही घराची कडी निघाली नव्हती. म्हणून मोठेपणी त्याने गावोगावच्या कड्या उखडून वितळवल्या आणि त्यांचं सिंहासन केलं. त्याचं तत्त्वज्ञान असं: "माणसाला मोकळं सोडलं की तो दार लावून घेतो. भीती घातली की तोच धावत येऊन दार उघडतो. मी जुलूम करत नाही, मी शिस्त लावतो."

ऐकायला कसं भारदस्त वाटतं, नाही? इथेच माझं डोकं फिरतं! अरे बाबा, तू थंडीत कुडकुडलास, वाईट झालं. मला रडता येत असतं तर रडलो असतो. पण म्हणून जी पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती, त्यांना थंडीत उभं करायचं? तुला दुखलं हे कारण झालं, परवाना कसा झाला? आणि तुम्ही त्याच्या चित्राचे टी-शर्ट घालून मिरवता, आरशासमोर भुवई चढवून त्याची वाक्यं म्हणता! मला इथे फळीवर बसून लाज वाटते.

त्याची खरी भूक मला हळूहळू कळली. समोरच्याने गुडघे टेकले तरी त्याचं पोट भरत नसे. टेकणाऱ्याने वर "तुमचंच बरोबर, चूक माझीच" असं म्हणायलाही हवं असे. मनातून त्याला स्वतःलाच ते पटलेलं नव्हतं, म्हणून भेटेल त्याच्याकडून वदवून घ्यायचा.

महाधिपतीचा आवाज गडगडे द्यायचे. खरं आडनाव वेगळंच होतं. हे आवाजावरून पडलेलं. पडद्यावर शहरं जाळणारा हा माणूस घरी पाल दिसली की बायकोला हाक मारायचा. मालिकेतल्या एका म्हातारीचा आवाज मावशी द्यायच्या. अख्ख्या स्टुडिओच्या त्या मावशी. कोमट पाण्याची बाटली काखोटीला मारूनच यायच्या.

आमच्याकडे कामाची रीत अशी की प्रत्येकाने एकट्याने यायचं, आपली वाक्यं बोलायची आणि जायचं. जोडाजोड नंतर. म्हणजे महाधिपती भिंतीवर ओरडायचा आणि म्हातारी भिंतीसमोर रडायची. गडगड्यांनी वर्षानुवर्षं जुलूम केला, पण त्याचं उत्तर एकदाही ऐकलं नाही! जुलमी माणूस असाच तयार होतो, मित्रांनो.

एकदा मावशी म्हणाल्या, "साहेब, शेवटचा प्रसंग आम्हा दोघांना एकत्र बोलू द्या की. समोर माणूस असला की रडू आपोआप येतं."

"इथली पद्धत मी ठरवतो, मावशी."

"ठरवा की! मी आपलं सुचवलं."

एवढंच. पण साहेबांना ते झोंबलं. मालिका सुरू झाल्यापासून त्यांचीही भुवई चढू लागली होती. चहा उशिरा आला तरी "भीती असली की कामं वेळेवर होतात" असं ऐकवायचे.

शेवटच्या प्रसंगात म्हातारी महाधिपतीला सांगते, "मी दार उघडलं होतं रे बाळा. कडी गोठली होती, म्हणून वेळ लागला. तोवर तू निघून गेला होतास."

मावशींनी ते असं म्हटलं की माझा पडदा थरथरला.

"पुन्हा," साहेब म्हणाले. "घाबरलेली वाटत नाही."

पुन्हा झालं. मग आणखी पुन्हा. मावशींचा आवाज चिरकू लागला.

"साहेब, घोटभर पाणी पिऊ का?"

"आधी कबूल करा. आवाज संपलाय तुमचा. म्हणा, साहेब, तुमचंच बरोबर, माझ्याच्यानं आता होत नाही. मग मी दुसरी बाई बोलावतो आणि तुम्ही मोकळ्या."

मावशींचं सगळं आयुष्य या खोलीत गेलं होतं. ते वाक्य पुरतं तोंडातून बाहेर पडलं असतं, तर पुन्हा त्यांना कोणी बोलावलं नसतं. त्यांनी मान खाली घातली.

"साहेब, तुमचंच..."

आणि मित्रांनो, मी बंद पडलो. स्वतःहून! पुढचा शब्द घेणारच नाही म्हणून दातखीळ बसवून घेतली. साहेब बटणं दाबून दमले. तेवढ्यात, बाहेर पाळीची वाट बघत बसलेले गडगडे आत उभे दिसले. त्यांनी कुठून ऐकलं होतं कोण जाणे.

"म्हातारीने दार उघडलं होतं, हे मला कोणी सांगितलंच नाही," ते म्हणाले. आवाजात गडगडाट नव्हता. "आता आम्ही दोघं एकत्र बोलणार. नाहीतर साहेब, महाधिपती दुसरा शोधा."

शेवटच्या भागाला नवा महाधिपती कुठून आणणार? साहेबांनी मान डोलावली, आणि मीही दातखीळ सोडली. मावशी पाणी प्यायल्या आणि माझ्या एका बाजूला उभ्या राहिल्या, दुसऱ्या बाजूला गडगडे. मावशींचं वाक्य झालं. आता गडगड्यांनी डरकाळी फोडायची होती, पण ती फुटेना. चित्रातलं तोंड तर उघडं! त्या उघड्या तोंडात त्यांनी हळूच विचारलं, "कडी गोठली होती?"

काचेपलीकडून "पुन्हा" आलं नाही. मावशींना पुढे किती म्हाताऱ्या मिळाल्या!

आणि मला काय मिळालं? नवा माइक आला आणि मी या फळीवर. जाळीत धूळ, वायर इतकी आवळून गुंडाळलेली की तिला भेगा पडल्यात. म्हणून सांगतो मित्रांनो, वायर सैल गुंडाळत जा, म्हाताऱ्या वस्तूंवरून फडकं फिरवत जा, आणि ओरडण्याआधी समोरच्याचं ऐकून घेत जा. मी बघा, एकट्याने कसा जुलमाला नकार दि...

"थापाड्या!" खिळ्यावरून हेडफोन ओरडला. "त्या दिवशी गडगड्यांच्या कानांवर मीच होतो! मावशींचा रडवेला आवाज ऐकून त्यांनी मला खुर्चीत फेकलं, धावत आत गेले, आणि माझ्यात 'टॉक्' झालं. माइक आपला आपण बंद पडला तर टॉक् होत नाही, वायर उपटली तरच होतं, आणि ती उपटली गडगड्यांनी. तू कसला नकार देतोस! 'साहेब, तुमचंच' इथपर्यंतचा प्रत्येक हुंदका तू इमानेइतबारे साहेबांना पोचवत होतास की रे!"